एअरलेस स्प्रेअर: बटण बंद केलं तरी दाब आतच असतो (वापर, सफाई, देखभाल)

पान्हा_पट्टी

घरच्या घरी रंगकाम करणारेही आता एअरलेस मशीन आणू लागलेत. मशीन गुणाचं आहे. मोठी भिंत, छत, जाळ्या, कुंपणाच्या पट्ट्या अशा कामात रोलर-ब्रशपेक्षा कितीतरी लवकर हात मारून होतो. पण सोबतची पुस्तिका बरेच जण रंग कुठून ओढायचा एवढं पाहून मिटवतात, आणि खरी महत्त्वाची पानं वाचायची राहून जातात. म्हणून हा धागा काढतोय.

आधी मशीन काय करतं ते. कॉम्प्रेसरच्या गनमध्ये हवा रंग फोडते. इथे हवा नाहीच. पंप रंगालाच दाबतो आणि टिपच्या बारीक भोकातून बाहेर ढकलतो, त्या जोराने रंगाचे तुषार होतात. लहान विजेच्या मशीनचाही कमाल दाब ३००० पीएसआयच्या, म्हणजे साधारण २०० बारच्या आसपास असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतात. माणसाची कातडी भेदायला १०० पीएसआयसुद्धा पुरतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बटण बंद केलं, प्लग काढला, तरी होज (पंपापासून गनपर्यंतची नळी) आणि गनमधला दाब जात नाही. पंपातले बॉल व्हॉल्व्ह रंग मागे जाऊ देत नाहीत आणि पुढे ट्रिगर बंद असतो. मधला रंग दाबलेलाच राहतो. मशीन गप्प आहे, दिवा बंद आहे, आणि तरीही कुणी ट्रिगर ओढला तर फवारा बसतो. ही गोष्ट हाताला सवय होईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

दाब उतरवायचा क्रम: ट्रिगर लॉक लावा. मशीन बंद करा, प्लग काढा. दाबाची घुंडी अगदी कमीवर आणा. मग लॉक सोडा, गन धातूच्या बादलीच्या कडेला घट्ट टेकवा आणि आतल्या बाजूला ट्रिगर दाबून धरा, धार थांबेपर्यंत. त्यानंतर प्राइम व्हॉल्व्ह (रंग गनकडे जायचा की परतीच्या नळीत, ते ठरवणारी चावी) उघडा, म्हणजे उरलेला दाब परतीच्या नळीतून निघतो. शेवटी लॉक परत लावा. व्हॉल्व्ह पुढचं काम सुरू करेपर्यंत उघडाच राहू द्या. काही मशीनमध्ये क्रमात थोडा फरक असतो, तिथे पुस्तिका सांगेल तसं करा.

हे कधी करायचं? टिप किंवा तिच्यापुढचा गार्ड काढण्याआधी, फिल्टरला हात लावण्याआधी, होजचा सांधा सोडण्याआधी, मशीन दुसऱ्या खोलीत नेण्याआधी. आणि फोन घ्यायला बाहेर जातानाही. घरात लहान मुलं असतील तर याला अपवाद नाही.

एक जागा फसवी आहे. ट्रिगर दाबला आणि काहीच आलं नाही, तर दाब गेला असं समजू नका. टिप किंवा गनमधली जाळी तुंबलेली असू शकते आणि मागे पूर्ण दाब असतो. अशा वेळी गार्डची नट पान्ह्याने अगदी सावकाश, थोडी थोडी सैल करायची. तरी शंका राहिली तर होजचा गनकडचा सांधा तसाच हळू सैल करायचा. दाब पूर्ण गेल्यावरच पुढचं काम.

---

नवा_ब्रश

मी पहिल्यांदाच वापरणार आहे, मशीन शेजाऱ्यांनी दिलंय. दोन खोल्या, त्यांची छतं आणि एक लोखंडी गेट एवढं काम आहे. जाड हातमोजे घातले तर कातडीचा धोका टळतो ना? आणि टिप कोणती लावू? सोबत बऱ्याच आल्यात, प्रत्येकीवर तीन आकडे आहेत.

---

पान्हा_पट्टी

नाही टळत. हातमोजे घालाच, पण ते रंग आणि थिनर अंगाला लागू नये म्हणून. या दाबापुढे रबर काय आणि चामडं काय, टिकत नाही. टिप गार्डचंही तेच. बोट टिपच्या अगदी जवळ जाऊ नये एवढ्यासाठी तो असतो. गार्डपुढे हात धरला तर तो वाचवणार नाही.

मशीन दुसऱ्याचं आहे तर रंग घालण्याआधी होज पूर्ण उलगडून वीतभर वीतभर तपासा. मशीन बंद, दाब नाही, अशा अवस्थेत. कुठे चीर, फुगवटा, आतली वेणी दिसतेय, सांध्यापाशी मुरड पडली आहे, तर तो होज बाद. चिकटपट्टी लावून चालवायचा नाही, आणि काम चालू असताना गळती दिसली तर हाताने किंवा फडक्याने दाबायची तर मुळीच नाही. बदली होजही मशीनच्या कमाल दाबाला चालणारा आणि वीजवाहक असायला हवा, कारण गनचं अर्थिंग त्याच्यातूनच जातं.

मग साध्या पाण्यावर चालवून बघा. आत साठवणीचं द्रव किंवा आधीचा रंग असतो, तो धुऊन निघेल आणि मशीन ओढतंय का तेही कळेल. आधी ऑइल पेंट मारलेला असेल तर मात्र पाण्याआधी टर्पेंटाइनने धुवावं लागेल. शेजाऱ्यांना विचारून घ्या.

टिपबद्दल गाळणी लिहितील, त्यांचा अभ्यास माझ्याहून जास्त आहे.

---

ओपीडी_रात्रपाळी

मी रुग्णालयात काम करते. वर कातडी भेदण्याचा उल्लेख आलाय, त्यावर नीट लिहिते, कारण ही जखम बघून माणूस हमखास फसतो.

बाहेरून सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो. रक्त जेमतेम. सुरुवातीला दुखतही फारसं नाही, बोट हलतं. "जरा टोचलं" म्हणून माणूस हात धुऊन पुन्हा कामाला लागतो. आत मात्र रंग स्नायुबंधाच्या आवरणातून पसरत तळहातापर्यंत, कधी मनगटाच्याही वर गेलेला असतो. काही तासांनी सूज चढते, बोट ताठ होतं, ठणका लागतो. बोटात जागाच किती असते? आतल्या दाबाने रक्तपुरवठा अडतो, सॉल्व्हंट मऊ ऊतींची नासाडी करतं आणि पुढे जंतुसंसर्ग होतो.

अशा इजेची पहिली वैद्यकीय नोंद १९३७ सालची आहे, डिझेल इंजिनातल्या इंधनाच्या धारेची. २००६ साली चारशेहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३० टक्के रुग्णांना बोट किंवा हाताचा काही भाग गमवावा लागला होता. सॉल्व्हंट आत गेलेल्यांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया ६ तासांच्या आत झाली त्यांचे हात वाचण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. सर्वाधिक इजा होते ती कमी वापरातल्या हाताच्या तर्जनीला. उजव्या हातात गन असते आणि डाव्या हाताचं बोट टिप पुसायला पुढे जातं.

झालं तर काय करायचं: काम तिथेच थांबवा आणि जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात थेट जा, शक्यतो हाताचे शल्यचिकित्सक असतील तिथे. जखम पिळू नका, बर्फ लावू नका, वर घट्ट काही बांधू नका. अंगठी असेल तर काढा, हात उंच धरा. काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. रंगाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो आणि मिळत असेल तर सुरक्षा माहितीपत्रक बरोबर न्या. तिथे गेल्यावर "बोटाला लागलंय" असं सांगू नका. "हाय प्रेशर पेंट इंजेक्शन झालंय, एअरलेस मशीन होतं, अमुक रंग होता, इतक्या वाजता झालं" असं सांगा. नुसत्या ठिपक्यावर पट्टी लावून कुणी परत पाठवत असेल तर हे पुन्हा सांगा, आग्रह धरा.

आणि बोट बधिर करायचं इंजेक्शन बोटाच्याच मुळाशी देणं अशा जखमेत टाळतात, कारण आतला दाब आणखी वाढतो. हे डॉक्टर ठरवतील, पण विचारायला हरकत नाही.

---

तिसरा_हात

घाबरलो वाचून. इमल्शन असेल तर एवढं गंभीर नसावं ना? पाण्यातलाच रंग तो.

---

ओपीडी_रात्रपाळी

सॉल्व्हंटच्या रंगापेक्षा निष्पत्ती बरी असते, हे खरं. पण इमल्शनमध्येही रंगद्रव्यं, बुरशीनाशकं, चिकट घटक असतात आणि दाबाने होणारी इजा तीच असते. किती खोल गेलंय हे बाहेरून कुणालाच कळत नाही. तितक्याच तातडीने जायचं.

---

गाळणी

टिपचे तीन आकडे. समजा ५१७ आहे. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे पट्ट्याची रुंदी इंचात, गन पृष्ठभागापासून १२ इंचांवर, म्हणजे ३० सेंमीवर धरली तर. ५ दुणे १०, म्हणजे १० इंची पट्टा. पुढचे दोन आकडे भोकाचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात: ०.०१७ इंच, साधारण ०.४३ मिमी. म्हणजे ३१७ आणि ५१७ मधून रंग सारखाच निघतो, फक्त ३१७ तो अरुंद जागेत ओतते. नवशिक्याला ओघळ येतात ते पुष्कळदा यामुळे.

वार्निश, लॅकर अशा पातळ मालाला शेवटचे आकडे ०९ ते १३. ऑइल पेंट, इनॅमलला ११ ते १३. आतल्या भिंतींच्या इमल्शनला १५ ते १९, बाहेरच्या जाड रंगाला १७ ते २१. रंगाच्या डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा दिलेला असतो, तोच पाळा. नवा_ब्रश, खोल्यांना ५१५ किंवा ५१७, गेटला २११ किंवा ३११. गेटच्या सळ्यांना रुंद पट्टा लावला तर अर्धा रंग हवेत जाईल.

टिप निवडताना मशीनची कमाल टिप किती तेही बघा, मशीनवर लिहिलेलं असतं. त्याहून मोठी लावली की पंप दाब टिकवू शकत नाही आणि पट्टा फाटतो.

झिजण्याबद्दल फार कमी लोक बोलतात. रंगातले खनिज कण भोक घासत राहतात. भोक मोठं होतं, गोलसर होतं आणि पट्टा अरुंद होत जातो. ०.०१७ चं भोक झिजून ०.०२१ झालं तर क्षेत्रफळ दीडपट होतं, म्हणजे त्याच दाबावर दीडपट रंग, तोही आधीपेक्षा अरुंद पट्ट्यात. १२ इंची पट्टा ९ इंचांवर आला की टिप बदलायची, माझा हा पक्का नियम आहे. नव्या टिपचा पट्टा पुठ्ठ्यावर मारून तारीख घालून ठेवा, तुलना सोपी जाते. आणि विनाकारण जास्त दाब ठेवला की टिप लवकर झिजते.

जाळ्या: ओढनळीच्या तोंडाला एक, बऱ्याच पंपांत एक, गनच्या दांड्यात एक. इमल्शनला गनमध्ये ६० मेश (मेशचा आकडा मोठा तेवढी जाळी बारीक), १३ च्या खालच्या टिपला किंवा पातळ मालाला १०० मेश. रंग नवा डबा फोडलेला असला तरी बारीक जाळीच्या पिशवीतून गाळूनच घ्या. साय धरलेला एक तुकडा अर्धा तास खातो.

---

वीस_लिटर

मी या धंद्यात आहे. धाग्यातलं बरंचसं पटलं, पण टिप अडकली की दर वेळी मशीन बंद, दाब उतरव, व्हॉल्व्ह उघड, हे कामाच्या ओघात कुणी करत नाही. दिवसात कितीदा अडकते. आणि गार्डवर रंग साचून थेंब पडतात, कोपऱ्यात तो आड येतो, म्हणून कितीतरी कारागीर गार्ड काढूनच मारतात.

---

पान्हा_पट्टी

पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणून वेगळा करून सांगतो. उलटी फिरणारी टिप असेल तर अडकण साफ करायला दाब उतरवावा लागत नाही. ट्रिगर लॉक लावा, टिपची मूठ १८० अंश फिरवा, लॉक सोडा, टाकाऊ बादलीत किंवा पुठ्ठ्यावर क्षणभर ट्रिगर दाबा, कचरा निघून जाईल. पुन्हा लॉक, मूठ सरळ, काम चालू. यात बोट टिपच्या पुढे कुठेच येत नाही, मूठ बाजूने धरायची असते. पण एकदा-दोनदा उलटवूनही सुटली नाही आणि टिप बाहेर काढायची वेळ आली, की तिथून पुढे पूर्ण क्रम. त्यात सूट नाही. हाताला इजा होते ती नेमकी याच अर्ध्या मिनिटाच्या घाईत.

गार्ड काढण्याच्या बाबतीत मात्र मी ठाम विरोधात आहे. थेंब साचतात तर दाब उतरवून ओल्या ब्रशने पुसा. कोपऱ्यासाठी अरुंद टिप लावा, नाहीतर लांब दांडी. शिडीवर तोल सावरताना डावा हात कुठे जातो याचा भरवसा कुणालाच देता येत नाही. तुमच्या हाताखाली पोरं शिकत असतील तर ती तुमचं बघूनच शिकणार.

आणि दिवसात फार वेळा अडकत असेल तर दुखणं टिपचं नाही. गाळणीचा शेवटचा परिच्छेद बघा.

---

वीस_लिटर

पोरांचा मुद्दा मान्य. गार्ड लावून घेतो सगळ्यांना. जाळ्याही बघतो, एका मशीनला गनमध्ये जाळीच नाहीये हे आत्ता लक्षात आलं.

---

लाकडाचा_वास

गेटचं निघालंय तर आगीबद्दल लिहितो. ऑइल पेंट, लॅकर, थिनर फवारताना हवेत वाफ आणि तुषार दोन्ही भरतात. टर्पेंटाइनसारखी खनिज सॉल्व्हंट ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ देतात, पण तुषार झाले की त्याहून थंड असतानाही पेटू शकतात. ॲसिटोनचा भडकबिंदू तर शून्याच्या बराच खाली, उणे २० अंशांजवळ आहे. म्हणजे कुठल्याही खोलीत ते तयारच असतं.

ठिणगी कुठून येते? शेगडी, गिझरची ज्योत, दिव्याचं बटण, पंख्याची मोटर, मोबाइल, सिगारेट हे सगळ्यांना सुचतं. न सुचणारी गोष्ट म्हणजे स्थिर वीज. रंग होजमधून जोरात वाहताना ती तयार होते. मशीनला अर्थिंगचा तीन पिनी प्लग हवा, पिन मोडून दोन पिनी जोड लावायचा नाही. सॉल्व्हंट ज्या बादलीत फवाराल ती धातूची हवी, आणि पुठ्ठ्यावर किंवा प्लास्टिकवर न ठेवता जमिनीशी वीजसंपर्क होईल अशी ठेवायची, किंवा तारेने अर्थिंगला जोडायची. गनचा धातूचा भाग बादलीला टेकवून ट्रिगर दाबायचा तो यासाठीच. बारीकसा झटका जाणवला तरी थांबा आणि कारण शोधा.

पंप फवाऱ्यापासून दूर ठेवा, ६ मीटर तरी. मोटर ही स्वतःच ठिणगीचा उगम आहे. म्हणून होज लांब असतो.

नवा_ब्रश, गेट बाहेर उघड्यावरच मारा, वारा पडलेला असताना. खोलीत नाही.

आणखी एक, फारसं माहीत नसलेलं. मेथिलीन क्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट आणि ब्लीच यांनी मशीन धुवू नका. पंपात ॲल्युमिनियमचे भाग असतात, त्यांच्याशी दाबाखाली तीव्र अभिक्रिया होऊन स्फोट होऊ शकतो.

---

नवा_ब्रश

बाहेरच मारेन मग. मास्क कोणता घेऊ?

---

लाकडाचा_वास

इमल्शनला कणांचा फिल्टर पुरतो, एन९५ किंवा पी२ दर्जाचा. साधा कापडी किंवा सर्जिकल नाही. ऑइल पेंटला सेंद्रिय वाफ शोषणारी कार्ट्रिज आणि तिच्यावर कणांचा फिल्टर असा अर्धमुखी मास्क. वास यायला लागला की कार्ट्रिज संपली. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही, हे गंभीरपणे घ्या. डोळ्यांना बंद गॉगल, पूर्ण बाह्या.

दोन डबे मिसळून करायचे पॉलियुरेथेन रंग घरी फवारू नका. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. एकदा शरीराला त्यांचं वावडं झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

गेट जुनं असेल तर खालच्या थरात शिशाचा रंग असू शकतो. कोरडं घासू नका, ओलं करून घासा आणि तो चोथा गोळा करा.

---

पान्हा_पट्टी

मारण्याची पद्धत थोडक्यात. गन पृष्ठभागापासून ३० सेंमी, आणि पूर्ण हात सरकवायचा, नुसतं मनगट वळवायचं नाही. वळवलं की मध्ये जाड आणि कडेला विरळ बसतो. हात आधी हलू द्या, मग ट्रिगर, आणि थांबण्याआधी ट्रिगर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. दाब कमीपासून वाढवत जा. पुठ्ठ्यावर पट्ट्याच्या दोन्ही टोकांना शेपट्या दिसतात तोवर दाब कमी आहे, त्या मिटल्या की तिथेच थांबा. त्याहून वाढवला तर नुसते तुषार उडतात. दाब पुरता वाढवूनही शेपट्या जात नसतील तर टिप लहान करा, नाहीतर रंग डब्यावर सांगितलंय तेवढाच पातळ करा. झाकपाक करायला फवारण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तो धरूनच चाला.

---

तिसरा_हात

माझं मशीन प्राइमच होत नाही. मोटर फिरते, रंग वर चढत नाही. मागच्या वेळी पाण्याने धुऊन ठेवलं होतं.

---

गाळणी

बहुधा आत येणाऱ्या व्हॉल्व्हचा बॉल वाळलेल्या रंगाने चिकटलाय. मशीन बंद करून दाब उतरवा, ओढनळी सोडा आणि खालून पेन्सिलीच्या बोथट टोकाने बॉल हलकेच वर ढकला. सुटलेला कळतो. काही मशीनना त्यासाठी बाहेर एक बटणच दिलेलं असतं. नाहीच सुटला तर तो भाग कोमट साबणपाण्यात भिजवा.

बॉल मोकळा असेल तर हवा कुठून शिरतेय ते बघा: ओढनळीचा सांधा, तिथली ओ-रिंग, नळीला चीर. जाळी रंगात पूर्ण बुडालेली हवी. रंग फार घट्ट असेल तर आधी पाण्यावर प्राइम करून मग नळी रंगात टाका. मात्र कोरडं फार वेळ फिरवू नका, पॅकिंग (पंपातल्या दांडीभोवतीचं सील) तापून जातं.

"पाण्याने धुऊन ठेवलं" हेच दुखण्याचं मूळ असावं. पाणी आत ठेवून दिलं की गंज धरतो, आणि कडाक्याच्या थंडीत गोठून पंपाला तडा जातो.

---

सफाई_आधी

माझ्या मते या मशीनचं आयुष्य शेवटच्या अर्ध्या तासात ठरतं, म्हणून सविस्तर लिहिते.

काम संपलं की आधी दाब उतरवा. टिप आणि गार्ड काढून पाण्यात टाका (ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइनमध्ये). धुताना टिप कधीच लावलेली नको. ओढनळी रंगातून काढून बाहेरून पुसा आणि पाण्याच्या बादलीत टाका. प्राइम व्हॉल्व्ह उघडा ठेवून कमी दाबावर चालवा, परतीच्या नळीतून रंग, मग पाणी येईल. मग व्हॉल्व्ह फवारणीवर घेऊन गन रंगाच्या डब्यात दाबा. होजमध्ये बराच चांगला रंग असतो, तो पाणी मागून ढकलतं. धार पातळ व्हायला लागली की लगेच टाकाऊ बादलीत वळवा. स्वच्छ पाणी घेऊन हे पुन्हा पुन्हा, गनमधून नितळ येईपर्यंत. कोमट साबणपाणी छान काम करतं, उकळतं नको.

मग दाब उतरवून तिन्ही जाळ्या काढा आणि मऊ ब्रशने धुवा. टिप दातांच्या जुन्या ब्रशने साफ करा. सुई, तार भोकात घालायची नाही, भोकाची धार मोडते.

शेवटी साठवणीचं द्रव: मशीनसोबत मिळतं ते, नाहीतर मिनरल टर्पेंटाइन. पंपातून फिरवून आत तसंच राहू द्या. पिस्टन पंप असेल तर वरच्या वाटीत पॅकिंगच्या तेलाचे थेंब रोज काम सुरू करण्याआधी घाला. ही गोष्ट सगळे विसरतात.

रंग बदलायचा असेल तर: ऑइलवरून इमल्शनवर येताना आधी टर्पेंटाइन, मग साबणपाणी, मग साधं पाणी. इमल्शनवरून ऑइलवर जाताना उलट, आणि पाण्याचा थेंब आत नको.

धुतलेलं पाणी उघड्या गटारात ओतू नका. बादलीत स्थिर होऊ द्या, गाळ वाळवून वेगळा टाका. जवसाच्या तेलाच्या वार्निशने भिजलेली फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात टाका.

---

वीस_लिटर

दुपारच्या सुट्टीत एवढं सगळं धुवायचं का? आम्ही गन पाण्यात बुडवून ठेवतो.

---

सफाई_आधी

तासाभरासाठी चालेल, दाब उतरवलेला असेल तर. नळी रंगातच ठेवा, डबा ओल्या फडक्याने झाका, गन पाण्यात, मशीन सावलीत. रात्रभर मात्र नाही. आणि लवकर वाळणाऱ्या किंवा दोन डब्यांच्या रंगाला हे लागू नाही, तो होजमध्येच दगड होतो.

---

वीस_लिटर

एक शेवटचं विचारतो, आमच्या मोठ्या पिस्टन मशीनबद्दल. ट्रिगर सोडला की मोटर थांबायला हवी, पण ती थोड्या थोड्या वेळाने एक एक ठोका घेत राहते. दाबही पूर्वीसारखा चढत नाही.

---

गाळणी

कुठूनतरी दाब गळतोय. आधी परतीची नळी बघा. व्हॉल्व्ह फवारणीवर असताना तिच्यातून थेंब पडत असतील तर प्राइम व्हॉल्व्ह झिजलाय.

तिथे कोरडं असेल तर ट्रिगर बंद ठेवून पिस्टनची दांडी कुठल्या दिशेने सरकतेय ते दुरून बघा, हात न लावता. खाली जाताना थांबत नसेल तर खालचा, आत येणारा व्हॉल्व्ह गळतोय: बॉलखाली कचरा किंवा बैठक झिजलेली. वर जाताना थांबत नसेल तर पिस्टनमधला व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचं पॅकिंग. वरच्या वाटीत रंग दिसत असेल तर घशाचं पॅकिंग गेलंच. पॅकिंगचा संच पूर्ण बदला, अर्धं जुनं अर्धं नवं टिकत नाही. दांडीवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर दांडीही बदला, नाहीतर नवं पॅकिंग ती लगेच खाईल. उघडण्याआधी दाब उतरवायचा क्रम पूर्ण करा. बॉलच अडकलेला असेल तर व्हॉल्व्ह उघडूनही होजमध्ये दाब राहू शकतो, म्हणून होजचा सांधाही सावकाश सैल करून खात्री करा.

---

वीस_लिटर

दांडी वर जाताना थांबत नाही आणि वाटीत रंग आहे. संच मागवतो. तोवर ते मशीन बाजूला ठेवलंय, दाब उतरवून, व्हॉल्व्ह उघडा.